इंटरॅक्टिव्ह पॅनेल मिळालेल्या नव्या बाईंना

सोलापूर

प्रिय बाळ,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून आनंद झाला. नेमणूक होऊन पुरते सहा महिने झाले नाहीत, तोच सहावीचा वर्ग, भिंतीवर बोटानं चालवायचं नवंकोरं मोठ्या पडद्याचं पॅनेल, आणि मुख्याध्यापकांचा निरोप की वर्षभरात ‘डिजिटल अध्यापन आणि मूल्यमापन’ दिसलं पाहिजे. सुरुवात कुठून करू, असं तू विचारलं आहेस. मूल्यमापनापासून कर. बहुतेक जण उलट करतात. आधी व्हिडिओ शोधतात, रंगीत स्लाइड करतात, तास छान रंगतो. घंटा झाल्यावर मात्र कुणाला काय कळलं हे बाईंना ठाऊक नसतं. तुझ्या वर्गात चव्वेचाळीस मुलं आहेत. प्रश्न विचारलास की पहिल्या दोन बाकांवरचे तेच पाच-सहा हात वर येतात आणि आपल्याला वाटतं, वर्गाला आलं. बाकीच्या मुलांच्या डोक्यात त्या क्षणी काय चाललंय हे तास संपायच्या आत कळावं, यासाठी तंत्रज्ञान वापर. ते कळलं तर पुढची दहा मिनिटं काय शिकवायचं हे तुला बदलता येईल. एरवी ते चाचणीचे पेपर तपासताना कळतं, आणि तोवर धडा मागे पडलेला असतो.

त्यासाठी मुलांच्या हातात टॅब असायला हवा असं नाही. प्लिकर्स नावाचं ॲप आहे, त्यात फक्त तुझा एक फोन लागतो. प्रत्येक मुलाला कागदावर छापलेलं एक काळं-पांढरं चौकोनी चिन्ह द्यायचं. त्याच्या चार बाजूंना बारीक अक्षरात ए, बी, सी, डी लिहिलेलं असतं. जे उत्तर वाटतं ती बाजू वर करून मुलानं कार्ड धरायचं. तू फोनचा कॅमेरा वर्गावरून फिरवलास की कोणी कोणतं उत्तर दिलं ते नावानिशी नोंदलं जातं. अक्षरं बारीक आणि प्रत्येकाचं चिन्ह वेगळं, त्यामुळे शेजाऱ्याचं बघून उपयोग होत नाही. कार्डाचा क्रमांक आणि हजेरीपटाचा क्रमांक एकच ठेव. कार्डं साध्या पुठ्ठ्यावर चिकटव, पण लॅमिनेशन करू नकोस. चकाकी आली की कॅमेऱ्याला चिन्ह वाचता येत नाही. आपल्या वर्गांत खिडकीतून ऊन सरळ आत येतं, हे तुला सांगायला नको.

खरं काम कार्डांत नाही, प्रश्नात आहे. दशांश अपूर्णांक शिकवते आहेस म्हणालीस, तर हा प्रश्न घे: सर्वांत मोठी संख्या कोणती? ०.६, ०.४८, ०.३७५ की ०.०९? उत्तर ०.६. पण मला बरोबर उत्तरापेक्षा उरलेले तीन पर्याय मोलाचे वाटतात. ०.३७५ निवडणारं मूल ‘आकडे जास्त म्हणजे संख्या मोठी’ असं पूर्ण संख्यांसारखं बघतंय. ०.०९ निवडणाऱ्याचं लक्ष फक्त नऊ या अंकाकडे आहे, नवाच्या आधीचं शून्य त्याच्या लेखी नाहीच. आणि ०.४८ निवडणारं मूल बहुधा पैशांचा हिशोब करतंय: अठ्ठेचाळीस पैसे विरुद्ध सहा पैसे. तिघंही चुकले, पण प्रत्येकाची चूक वेगळी आहे. तिघांना ‘पुन्हा नीट ऐका’ म्हणून तेच पुन्हा सांगितलं तर तिघंही होते तिथेच राहतील. असे पर्याय रचायला वेळ लागतो. एका तासाला असा एकच प्रश्न पुरे, पण तो असा हवा की चुकीच्या उत्तरातूनही तुला काहीतरी कळावं.

मग पुढे काय करायचं? वर्गात निम्म्याहून जास्त चूक दिसली, तर बरोबर उत्तर सांगू नकोस. शेजाऱ्याला आपलं उत्तर पटवून द्यायला दोन मिनिटं दे आणि तोच प्रश्न पुन्हा विचार. कितीतरी मुलं त्या बोलण्यातच सुधारतात. तरीही ०.४८वाली मंडळी हटली नाहीत, तर टेप काढ. तुझ्या वर्गातल्या मुलांच्या घरी टॉवेल आणि चादरी विणल्या जातात, मीटर त्यांच्या रोजच्या बोलण्यात आहे. ०.६ मीटरची कागदी पट्टी साठ सेंटिमीटरची कापायला लाव, ०.४८ची अठ्ठेचाळीसची, ०.३७५ची साडेसदतीसची, ०.०९ची नऊची. चारही पट्ट्या फळ्यावर एकाखाली एक चिकटव. त्या दहा मिनिटांत पॅनेल बंद असलं तरी चालेल. तंत्रज्ञानानं त्याचं काम आधीच केलेलं आहे, कोणत्या मुलांना पट्ट्या कापायला द्यायच्या हे त्यानं तुला सांगितलं.

लंडनच्या किंग्ज कॉलेजमधल्या पॉल ब्लॅक आणि डिलन विल्यम या दोघांनी १९९८ साली या विषयावरचे कितीतरी अभ्यास एकत्र तपासले. शिकत असतानाच मुलाची समज तपासून लगेच शिकवणं बदललं, तर मुलांची प्रगती लक्षणीय वाढते आणि मागे पडलेल्या मुलांना त्याचा सर्वांत जास्त फायदा होतो, असं त्यांच्या हाती लागलं. आपल्याकडे सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन २०१० साली आलं तेही याच विचारातून. आकारिक मूल्यमापनातली, म्हणजे वर्षभर शिकवता शिकवता करायच्या मूल्यमापनातली, दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रकल्प ही साधनं त्यासाठीच आहेत. पण वर्गात मुलं चव्वेचाळीस आणि बाई एक, म्हणून पुष्कळ ठिकाणी ती नोंदवही सत्राच्या शेवटी एका बैठकीत भरली जाते. रोज एका प्रश्नाची नोंद आपोआप फोनमध्ये राहिली, तर ती वही भरताना तुला आठवत बसावं लागणार नाही.

एक गोष्ट कळकळीनं सांगते. निकाल पॅनेलवर दाखवताना मुलांची नावं झाकून ठेव. किती जणांनी ए दिलं, किती जणांनी सी, एवढाच आलेख दाखव. चुकीच्या उत्तरासमोर आपलं नाव सगळ्या वर्गानं बघितलं की मूल दुसऱ्या दिवसापासून मित्राचं कार्ड बघायला लागतं, आणि मग तुझ्या हातात आलेली सगळी माहिती खोटी होते. या प्रश्नांना गुणही देऊ नकोस.

आता वाचन. आपल्या सोलापुरात हा विषय इतर शहरांपेक्षा अवघड आहे. तुझ्या शाळेच्या भागात कितीतरी घरांत तेलुगू बोलतात, काही घरांत कन्नड, काही घरांत उर्दू, आणि ती मुलं मराठी माध्यमात बसतात. अशा मुलाचं बोलताना लिंगवचन चुकतं आणि आपण मनात धरतो की याला वाचता येत नाही. दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत. जूनमध्ये प्रत्येक मुलाचं एक मिनिटाचं प्रकट वाचन फोनवर रेकॉर्ड कर, पालकांना विचारून. तोच उतारा दिवाळीच्या सुट्टीआधी आणि पुन्हा मार्चमध्ये. मिनिटात किती शब्द बरोबर वाचले, कुठे अडखळलं, जोडाक्षराला थांबलं की अनोळखी शब्दाला, हे घरी शांतपणे ऐकता येतं. वर्गाच्या गलक्यात ते ऐकू येत नाही. मुलालाही त्याचंच जूनमधलं आणि मार्चमधलं वाचन लागोपाठ ऐकव. दुसऱ्या कुणाशी तुलना न करता आपण किती पुढे आलो हे त्याला स्वतःच्या कानांनी कळतं. प्रगतिपत्रकातली श्रेणी त्याला हे सांगू शकत नाही.

ते रेकॉर्डिंग आईलाही पाठव. विडी वळणाऱ्या आया दिवसभर सूप मांडीवर घेऊन बसलेल्या असतात. मजुरी हजार विड्यांवर मिळते, त्यामुळे शाळेत पालकसभेला येणं म्हणजे त्या दिवसाच्या कमाईला कात्री. त्यांचे हात गुंतलेले असतात, पण कान मोकळे असतात. लांबलचक लेखी मेसेज पाठवण्यापेक्षा अर्ध्या मिनिटाचा आवाजी निरोप पाठव: ‘तुमच्या लेकीनं आज हा परिच्छेद न अडखळता वाचला, ऐका.’ शक्य असेल तिथे वर्गातल्याच एखाद्या मुलाच्या मोठ्या बहिणीकडून तो तेलुगूत बोलून घे. मी पाहिलेल्या उपायांत पालकांना शाळेशी जोडणारा याच्याइतका स्वस्त आणि चांगला उपाय दुसरा नाही.

मात्र घरच्या फोनवर गृहपाठ देऊन त्याला गुण लावायचे, हे करू नकोस. घरात फोन एक, तो वडिलांबरोबर कारखान्यात पाळीला जातो आणि रात्री परत येतो, तेव्हा मूल झोपलेलं असतं. २०२०च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या आणि त्यानंतर जे दिसलं ते आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. तिथे मूल हुशार आहे की नाही याचं मापन होत नव्हतं, घरात रिचार्ज आहे की नाही याचं होत होतं. मूल्यमापनाचं डिजिटल काम वर्गात, तुझ्या फोनवर आणि तुझ्या डेटावर व्हावं. डेटाचा खर्च शाळेनं द्यावा असा अर्ज निःसंकोचपणे मुख्याध्यापकांकडे कर.

मुलांची गरज ओळखून तंत्रज्ञान कसं वापरावं, यासाठी आपल्या जिल्ह्याला दूर बघायची गरज नाही. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले गुरुजी यांना २०२०चं ग्लोबल टीचर प्राइज मिळालं. दहा लाख डॉलर्सच्या त्या रकमेतली निम्मी त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. लोकांच्या लक्षात त्यांचे पाठ्यपुस्तकातले क्यूआर कोड राहिले. मला त्यातली अधिक महत्त्वाची गोष्ट वेगळी वाटते. मुलांची घरची भाषा कन्नड आहे हे त्यांनी ओळखलं आणि पुस्तकातला मजकूर त्या भाषेत नेला. कोडमागे ऐकायच्या कविता, व्हिडिओ, गोष्टी आणि स्वाध्याय होते. आज तो चौकोन बालभारतीच्या पुस्तकांत छापलेला असतो आणि दीक्षा या सरकारी शैक्षणिक ॲपवरचा मजकूर त्यातून उघडतो. तुला तो फक्त स्कॅन करायचा नाही. तुझ्या वर्गातल्या मुलांना त्यामागे आणखी काय हवं, हे तू ठरवायचं आहेस.

पॅनेलवर काय दाखवावं, याबद्दल थोडक्यात. जे हलतं, बदलतं आणि फळ्यावर दाखवता येत नाही, ते दाखव. जिओजेब्रा या गणिताच्या ॲपमध्ये त्रिकोणाचा शिरोबिंदू ओढत राहिलं की तिन्ही कोन बदलतात, बेरीज मात्र १८०च राहते. हे मुलांना स्वतःच्या बोटानं करू दे. अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठानं केलेली फेट सिम्युलेशन्स, म्हणजे पडद्यावर करून बघायचे प्रयोग, मराठीतही आहेत आणि मोफत आहेत, विजेच्या परिपथाचं त्यातलं चांगलं आहे. त्याच दिवशी एक सेल, वायर आणि छोटा बल्ब खरोखरचाही आण. पण मटकीला मोड येताना व्हिडिओत कशाला दाखवायचे? ती ओल्या फडक्यात बांधून ठेव. भुईकोट किल्ला शाळेपासून चालत जाण्याइतका जवळ आहे, त्याचे फोटो दाखवून समाधान मानू नकोस.

वीज जाणार हे धरूनच तासाची आखणी कर. दीक्षावरचं जे लागेल ते आदल्या दिवशी घरी डाउनलोड कर. नेट नसेल त्या दिवशी प्रश्न फळ्यावर लिही आणि मुलांना डोळे मिटून छातीशी एक ते चार बोटं धरायला सांग, किंवा पाटीवर उत्तर लिहून एकदम वर करायला सांग. नोंद राहणार नाही, पण वर्ग कुठे आहे ते तुला कळेल.

एआयबद्दल तू विचारलं आहेस. प्रश्नपत्रिका त्याच्याकडून काढून घ्यायला हरकत नाही, पण प्रत्येक गणित स्वतः सोडवून बघ आणि मराठी वाक्य मोठ्यानं वाच. पुष्कळदा वाक्य असं असतं की सहावीतल्या मुलाला ते कुणी कधी म्हणालेलंच नसतं. चुकीचे पर्याय मात्र तूच रच. तुझ्या वर्गातली मुलं नेमकी कुठे चुकतात हे त्याला माहीत नाही. मुलांची नावं, फोटो, जन्मतारखा त्यात कधीही टाकू नकोस. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्या प्रत्येकाला मूल मानलं आहे आणि त्यांच्या माहितीसाठी पालकांची संमती हा नियम ठेवला आहे. कायदा नसता तरी मी हेच सांगितलं असतं. मोठ्या वर्गातली मुलं प्रकल्प त्याच्याकडून लिहून आणू लागली आहेत. ते पकडायचं यंत्र शोधत बसू नकोस. प्रकल्प हातात घे, दोन प्रश्न तोंडी विचार आणि गुण त्या उत्तरांना दे.

यू-डायस, सरल या सरकारी पोर्टलांवर शाळेची आणि मुलांची माहिती भरणं, चाचण्यांचे गुण भरणं ही कामंही तुझ्याकडे येणार, तरुण शिक्षकाकडे ती येतातच. ती नीट कर, पण दुपारच्या सुट्टीनंतरचा एक वेळ ठरवून कर, आणि ते म्हणजे तुझं डिजिटल अध्यापन नव्हे हे मुख्याध्यापकांना नम्रपणे सांग. त्यांना दाखवायला तुझ्याकडे काहीतरी हवंच ना? दशांशावरच्या त्या प्रश्नाचे दोन आलेख दाखव, पट्ट्या कापायच्या आधीचा आणि आठवड्यानंतरचा.

पहिल्या महिन्यात फक्त गणित आणि फक्त सहावी. इतर विषयांचा मोह टाळ. प्रश्न लिहून झाले की पर्यायांसकट मला पाठव, कोणता पर्याय कोणती चूक पकडतो हे प्रत्येकापुढे एका ओळीत लिही. ज्या पर्यायापुढे तुला काही लिहिता येणार नाही, तो आपण दोघी मिळून बदलू.

तुझी,
बाई