संशयास्पद मृत्यूचे कागद वाचताना

फौजदारी वकिलीच्या सुरुवातीलाच पंचगंगेत सापडलेल्या मृतदेहाचे प्रकरण तुमच्या हाती आले, तर आरोपी कोण हा प्रश्न बाजूला ठेवून मृत्यू बुडूनच झाला का, हे आधी कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयाच्या शवविच्छेदन अहवालात पाहावे. श्वासनलिकेतील बारीक फेस आणि अस्थिमज्जेतील डायटम (पाण्यातील सूक्ष्म शैवाल) जिवंतपणी पाण्यात पडल्याकडे निर्देश करतात. मात्र तुलनेसाठी नदीच्या पाण्याचा नमुना घेतला होता का, हे तपासावे, आणि डायटम सापडले नाहीत एवढ्यावरून खून सिद्ध होत नाही. मरणोत्तर पंचनाम्यातील जखमाही अहवालाशी ताडाव्यात, कारण घाटाच्या दगडांवर आपटून किंवा माशांमुळे झालेल्या जखमा मारहाणीच्या भासू शकतात. ‘मृताला शेवटचे आरोपीसोबत पाहिले’ या साक्षीवर नवखे वकील (आणि कधीकधी जुनेही) फार विसंबतात. सोबत दिसणे आणि मृत्यू यांतील वेळेचे अंतर वाढेल तशी ती दुबळी होते. शरद सारडा विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात १९८४ साली सर्वोच्च न्यायालयाने घातलेली अट अशी, की परिस्थितिजन्य पुराव्याच्या साखळीने निर्दोषत्वाला वाजवी जागा उरू देऊ नये. आरोपीच्या निवेदनावरून वस्तू जप्त झाली असल्यास ती जिथे सापडली ती जागा सर्वांना खुली होती का, हे पंचांना उलटतपासात विचारावे.