इंदूरमध्ये राहून मुक्त पत्रकारिता करतो. मानधन महिनोन्‌महिने अडकतं, झोप उडते. काय करावं?

बहुतेक ताण लिखाणाचा नसतो, अनिश्चिततेचा असतो. म्हणून काम घेतानाच शब्दसंख्या, दर, मुदत आणि लेख नाकारला तर किती मिळणार, हे ईमेलवर लिहून घ्या. फोनवरचं "बघू, देऊ" पुढे कोणालाच आठवत नाही. पोटतिडकीने सांगतो, ही एक सवय लावाच.

तुमच्यासारख्या छोट्या व्यावसायिकांसाठीची सरकारी 'उद्यम' नोंदणी ऑनलाइन आणि मोफत होते. बिलावर तो क्रमांक टाका. अशा नोंदणीकृत सूक्ष्म उद्योगाचे पैसे ४५ दिवसांत द्यावे लागतात, हा २००६चा कायदा आहे. थकले तर छोट्या उद्योगांसाठीच्या सरकारी पोर्टलवर ऑनलाइन तक्रार करता येते. पण लेखी ऑर्डर आणि बिल नसेल तर तिथे अडतं. मानधनातून कापलेला टीडीएस आयकर खात्याच्या पोर्टलवर तुमच्या नावावर दिसतो का, तेही तपासा. विवरणपत्र भरलं नाही तर परतावा बुडतो.

तीन महिन्यांचा घरखर्च बाजूला पडेपर्यंत एकाच संपादकावर विसंबू नका. अपघात, गुन्ह्यांच्या बातम्या सलग घेऊ नका. मध्ये राजवाड्याचं, सराफ्यातल्या खाऊगल्लीचं एखादं हलकं काम घ्या. झोप दोन आठवडे नीट लागत नसेल तर १४४१६ वर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन करा, मोफत आहे.