लसूणघासाच्या बियाण्याला जिवाणू संवर्धक लावल्याने चारा आणि जमीन खरोखर सुधारते का?

आपण प्रश्नात लिहिले आहे की, गावातल्या जाणत्या मंडळींच्या मते जिवाणू संवर्धकाची, म्हणजे पेरणीआधी बियाण्याला चोळायच्या जिवंत जिवाणूंची, ही पाकिटे म्हणजे नुसती काळी माती आहे. हेच वाक्य आमचे थोरले बंधू वर्षानुवर्षे मला ऐकवत आले आहेत, म्हणून हे उत्तर जरा लांबणार आहे.

लसूणघासासारखी द्विदल पिके मुळांवरील गाठींतल्या जिवाणूंच्या मदतीने हवेतील नत्र वापरतात, हे जर्मनीत हेलरिगेल आणि विल्फार्थ यांनी १८८८ साली दाखवून दिले, त्यामुळे जिवाणू काम करतात की नाही हा वादच उरलेला नाही. वाद आहे तो ते बियाण्यापर्यंत जिवंत पोहोचतात का, एवढाच. पाकिटातील काळी भुकटी बहुधा लिग्नाइटची, म्हणजे एका प्रकारच्या कोळशाची असते, ती जिवाणू धरून ठेवणारी केवळ वाहक आहे. खत नियंत्रण आदेशानुसार अशा भुकटीच्या प्रत्येक ग्रॅममध्ये किमान पाच कोटी जिवंत जिवाणू असावे लागतात, परंतु पत्र्याखाली उन्हाळाभर तापलेल्या पाकिटात त्यांतले किती उरत असतील, याचा विचार विकणारा करत नाही आणि घेणाराही करत नाही.

आमची नगर जिल्ह्यातील जमीन वाटणीनंतर बांधाला बांध लागून आहे. एके वर्षी दादांनी आणि मी एकाच हंगामात, पूर्वी कधी घास न घेतलेल्या रानात पेरणी केली. दादांनी संवर्धक युरियाच्या गोणीवर ठेवले होते. पेरणीच्या आदल्या दिवशी ते बुरशीनाशकासह एकाच घमेल्यात कालवून बियाण्याला चोळले आणि बियाणे अंगणात उन्हात पसरले. मी बुरशीनाशक आधी लावून बियाणे सुकू दिले, पेरणीच्या दिवशी गुळाचे पाणी उकळून पूर्ण थंड केले, त्यात संवर्धक कालवून दहा किलो बियाण्याला अडीचशे ग्रॅम या प्रमाणात हलक्या हाताने चोळले, सावलीत सुकवले आणि लगेच पेरून पाणी दिले. विरजण उन्हात तापवून दही लागले नाही म्हणून दुधाला दोष देणाऱ्याचे आपण जे म्हणू, तेच मी दादांना म्हणालो, आणि ते त्यांना अजून सहन झालेले नाही.

पुढे दादा माझ्या वाफ्यात आले, कोरड्या मातीतून एक रोप मुठीत धरून उपटले आणि विचारले, "कुठे आहेत तुझ्या गाठी?" अशा रीतीने उपटलेल्या रोपाच्या गाठी मातीतच तुटून राहतात. मी ओल्या मातीचा गड्डा कुदळीने काढून बादलीत धुतला, तेव्हा बारीक लांबट गाठी दिसल्या आणि नखाने फोडल्यावर त्या आतून गुलाबी निघाल्या. हा रंग लेगहिमोग्लोबिन या गाठीतल्या लाल रंगद्रव्याचा असतो आणि गाठ काम करत असल्याची ती खूण आहे; आतून पांढरी किंवा हिरवट गाठ उपयोगाची नाही. दादांनी पुढे प्रत्येक कापणीनंतर युरिया टाकला. माझा घास युरियाशिवाय त्यांच्या घासाच्या बरोबरीने वाढला, तर त्याचे श्रेय त्यांनी माझ्या बाजूच्या जमिनीला दिले! आयता नत्र मिळाला की पीक गाठींना पोसत नाही, त्यामुळे घासावर सतत युरिया टाकणे म्हणजे पैसे देऊन जिवाणूंना बेकार करणे होय, हे माझे मत कायम आहे.

जमिनीबाबत मात्र पाकिटावरील जाहिरातीवर विसंबू नका. आपण चारा कापून गोठ्यात नेतो, तेव्हा गाठींनी कमावलेल्या नत्राचा मोठा वाटा त्याच्याबरोबर शेताबाहेर जातो आणि जमिनीला मुळे, गाठी व गळालेला पाला एवढेच मिळते. घास जमिनीतून स्फुरद आणि पालाशही भरपूर उचलतो, म्हणून शेणखत परत त्याच रानात गेले नाही, तर कोणतेही संवर्धक जमीन सुधारणार नाही.

ज्या रानात घास अनेक वर्षे होत आला आहे, तिथे योग्य जिवाणू आधीच असतात आणि फरक जाणवणार नाही, हेही सांगितले पाहिजे. पाकीट घासाच्याच गटाचे घ्या. सोयाबीनचे किंवा चवळीचे संवर्धक घासावर गाठी करत नाही. मक्याला किंवा कडवळाला ॲझोटोबॅक्टर हे गाठी न करता हवेतील नत्र धरणारे जिवाणू लावता येतात, पण तिथे लाभ माफक असतो आणि नत्रखत बंद करता येत नाही. आपण विचारलेल्या नेपिअर या चाऱ्याच्या गवताची लागवड कांड्यांनी होते, तिथे बियाण्याचा प्रश्नच येत नाही. कांड्या ॲझोस्पिरिलम या तशाच जिवाणूंच्या द्रावणात बुडवून लावतात.

खर्च अगदी किरकोळ आहे. घासाला एकरी साधारण दहा किलो बियाणे लागते, म्हणजे अडीचशे ग्रॅमचे एक पाकीट पुरते. दोन वाफे संवर्धक न लावता पेरा, पण ते आधी पेरा, नाहीतर हाताला लागलेले जिवाणू तिथेही जातील. सहा आठवड्यांनी दोन्हीकडची रोपे कुदळीने काढून धुऊन पाहा आणि काळी माती म्हणणाऱ्यांना त्या वेळी बांधावर बोलवा. आमचे दादा अशा तपासणीला आजवर आलेले नाहीत.