हिरव्या भिंतीचा रंग जुळवताना

प्रश्न : आमच्या दिवाणखान्यातील हिरव्या भिंतीचा काही भाग ओलीमुळे खराब झाला. जुन्या डब्यावरील शेड क्रमांक दुसऱ्या कंपनीला चालेल का?
— एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : चालणार नाही, तो क्रमांक त्या कंपनीच्या बेस (ज्यात रंगद्रव्ये मिसळतात तो मूळ रंग) आणि रंगद्रव्यांपुरताच असतो. भिंतीचा नाण्याहून मोठा पापुद्रा रंग मोजणारे यंत्र असलेल्या दुकानात न्यावा. यंत्र जवळची छटा देते, तंतोतंत नव्हे, आणि हिरवा तर फार फसवा, कारण वेगळ्या रंगद्रव्यांतून साधलेला हिरवा उन्हात जुळला तरी पिवळ्या दिव्याखाली निराळा दिसू शकतो. म्हणून पुठ्ठ्यावर दोन हात देऊन, पूर्ण वाळल्यावर, दिवसा आणि रात्री ताडून पाहावे. चकाकीही तीच हवी. ओल आधी दुरुस्त करावी. मग ठिगळ न लावता कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत भिंत रंगवावी.