हक्कसोडपत्राचा अभ्यास: प्रश्नावली मागे ठेवा, आधी फेरफार वाचा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: एलएलएमच्या प्रबंधाला 'मुली वडिलोपार्जित शेतजमिनीतला हिस्सा का सोडतात' हा विषय घेतलाय, हातात चार महिने आहेत, मार्गदर्शक म्हणतात कोर्टाचे निकाल वाचा, आणि तुम्ही चाळीस प्रश्नांची प्रश्नावली तयार केली आहे. ती घेऊन सरळ गावात जावं का?

इतक्यात नको. मी तेच केलं होतं. भावांच्या ओट्यावर बसून तीसेक बहिणींना विचारलं, हिस्सा का सोडलात? चहा वहिनी आणून देत होती, भाऊ शेजारीच बसलेला. सगळ्यांचं उत्तर एकच: "राजीखुशीनं दिला." नंतर त्यांची हक्कसोडपत्रं, म्हणजे हिस्सा सोडल्याचे नोंदणीकृत दस्त, काढून पाहिली, तर जवळपास प्रत्येकात 'राजीखुशीने, कोणत्याही दडपणाशिवाय' हीच ओळ. बाईचं मत म्हणून मी जे वहीत उतरवलं होतं, ते दस्त लिहिणाऱ्याच्या तयार मसुद्यातलं वाक्य होतं. त्या वाक्याने मन कळत नाही. नोंदणीला काय लागतं, एवढंच कळतं.

म्हणून सुरुवात कागदापासून करा, पण निकालांपासून नाही. एकच गाव घ्या आणि तिथली फेरफार नोंदवही, म्हणजे जमिनीच्या हक्कातले बदल टिपणारा गाव नमुना सहा, १९९० पासून पुढे वाचा. तीन तारखा उशाशी ठेवा. महाराष्ट्राने हिंदू वारसा कायदा बदलून मुलींना सहदायाद, म्हणजे मुलांसारख्याच जन्मतः हिस्सेदार, केलं २२ जून १९९४ ला, केंद्राच्या अकरा वर्षं आधी. पण त्याआधी लग्न झालेल्या मुलींना वगळलं. केंद्राची दुरुस्ती लागू झाली ९ सप्टेंबर २००५ ला, तिने ही लग्नाची अट ठेवली नाही. आणि ११ ऑगस्ट २०२० ला विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हक्क जन्माने मिळतो, २००५ मध्ये वडील हयात असायलाच हवेत असं नाही. या तारखांच्या अलीकडे-पलीकडे तुमच्या गावात काय बदललं, हा खरा प्रश्न. कधी कधी काहीच बदललेलं नसतं, आणि तोही निष्कर्षच आहे.

प्रत्येक वारस फेरफारात दोन गोष्टी बघा. पहिली, मुलींची नावं सातबाऱ्यावर कुठे बसवली: कब्जेदार सदरी, म्हणजे जमीनधारकांच्या रकान्यात, की 'इतर हक्क' या रकान्यात? भाऊ कब्जेदार आणि बहिणी इतर हक्कात, अशा नोंदी जुन्या सातबाऱ्यांवर भरपूर सापडतील. कायद्याने बरोबरीचा हिस्सा दिला आणि फॉर्मने तिला बाजूच्या रकान्यात बसवलं. दुसरी गोष्ट, वारस नोंद आणि हक्कसोड यांतलं अंतर. वडिलांचं तेरावं उरकून महिन्याभरात झालेली हक्कसोड आणि बारा वर्षांनी, भूसंपादनाची नोटीस आल्यावर झालेली हक्कसोड या दोन वेगळ्या घटना आहेत. प्रश्नावलीत दोन्ही एकाच चौकटीत पडतात.

आणि ज्या मुलींचं नावच नोंदवहीत आलं नाही त्यांचं काय? त्या कागदावर दिसणारच नाहीत. त्यासाठी गावातल्या दोन-तीन म्हाताऱ्या बायकांसोबत बसून वंशावळ काढा. कोणाला किती लेकी, कुठे दिल्या, हे त्यांना तोंडपाठ असतं. ती वंशावळ फेरफाराशेजारी ठेवली की गाळलेली नावं उघडी पडतात. माझ्या मते या सगळ्या अभ्यासातलं हे सर्वात मोलाचं काम आहे.

मग काही दिवस, जिथे हे दस्त नोंदवले जातात त्या दुय्यम निबंधक कार्यालयाच्या बाकावर बसा. बाई कोणाच्या गाडीतून आली, आधार कार्ड कोणाच्या खिशात आहे, दस्त तिला कोणी वाचून दाखवला का, हे लिहून ठेवा. मी पाहिलेल्या एका आजींना फोटो झाल्यावर विचारलं, कशासाठी आला होतात? "अंगठा द्यायला," म्हणाल्या. कशावर, ते त्यांना सांगता आलं नाही. त्याच दिवशी दुसरी एक बाई मात्र ओळ न् ओळ वाचून, गट नंबर तपासून सही करून गेली. आईला भावाने सांभाळलं, म्हणून देते, असं तिने स्वतःहून सांगितलं. दोघींच्या दस्तातला मजकूर सारखाच. म्हणून प्रत्येक हक्कसोड म्हणजे जुलूम, हे आधीच ठरवून जाऊ नका. अर्थतज्ज्ञ बीना अगरवाल यांनी १९९४ मध्येच मांडलं होतं की बहिणी हिस्सा सोडतात त्यामागे माहेरचा आधार टिकवण्याचा हिशेब असतो. त्या हिशेबाची किंमत एकटी बहीणच का मोजते, हा चिकित्सक प्रश्न.

निकाल शेवटी वाचा, आणि हे ध्यानात ठेवून वाचा की कोर्टात पोचणारी बहीण विरळा. फेल्स्टिनर, एबेल आणि सारट या अभ्यासकांनी १९८० च्या सुमारास तीन पायऱ्या सांगितल्या: अन्याय झाल्याचं जाणवणं, त्याचा दोष कोणावर तरी ठेवणं, आणि मग मागणी करणं. आपल्याकडे बहुतेक जणी दुसऱ्या पायरीपाशीच अडतात, कारण दोष भावावर ठेवला की माहेरचा रस्ता बंद. निकालांत 'तोंडी वाटणी आधीच झाली होती' हा बचाव मात्र जरूर शोधा. २० डिसेंबर २००४ पूर्वीच्या नोंदणीकृत किंवा कोर्टाच्या हुकुमाने झालेल्या वाटण्यांना २००५ च्या दुरुस्तीने हात लावला नाही, तेव्हा जुनी वाटणी दाखवण्यात कोणाचा फायदा ते उघड आहे.

मुलाखती त्यानंतर घ्या, बहिणीच्या सासरी, शक्यतो ती एकटी असताना, आणि तलाठ्याबरोबर जाऊ नका. पंधरा पुरेत. 'का सोडलात' असं विचारू नका. 'त्या दिवशी सकाळपासून काय काय झालं' असं विचारा. प्रबंधात नाव, गाव आणि गट नंबर तिन्ही बदला, नुसत्या गट नंबरवरून बाई ओळखू येते. एखादी विचारेल, "आता काही करता येईल का?" सल्ला तुम्ही देऊ नका, पण हात हलवत परतूही नका. १९८७ च्या विधी सेवा कायद्याच्या कलम १२ प्रमाणे स्त्रीला उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. तालुका विधी सेवा समितीचा पत्ता आणि फोन चिठ्ठीवर लिहून जवळ ठेवा. चिठ्ठी तिच्याच हातात द्या.