भीमबेटका पहिल्यांदा बघायला जाताय? मग हे वाचा

मध्य प्रदेशातल्या या गुहांमध्ये नुसती भिंतीवरची जुनी चित्रं बघत फिरू नका हो, रीलवाले तेच करतात. आधी जुन्या नोंदी वाचा. 1888 मध्ये किनकेड नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने स्थानिक आदिवासींकडून ऐकून ही जागा बौद्ध म्हणून लिहून टाकली, आणि मग 1957 ला आपले पुरातत्त्वज्ञ वाकणकर सर रेल्वेतून जाताना खडक बघून उतरले तेव्हा कुठे चित्रं जगासमोर आली, म्हणजे कागदावरची नोंद खोटी नसली तरी अर्धवट असू शकते हे डोक्यात ठेवा. पुढे डेक्कन कॉलेजच्या वि. ना. मिश्रांनी 3 एफ-23 या क्रमांकाचा खडकातला निवारा खणला, त्यात खाली अश्युलियन (पुराश्मयुगातल्या) हातकुऱ्हाडी, वर मध्याश्मयुगाची बारीक हत्यारं, सगळे थर ओळीने.

पण थराचं वय भिंतीवरच्या चित्राला सरळ चिकटवू नका, नवीन लोक हमखास इथेच फसतात. कुठला रंग कुठल्या रंगावर चढलाय ते बघा, वरचा तो नंतरचा. ढाल-तलवारवाले घोडेस्वार दिसले की ते ऐतिहासिक काळातले, शिकारीची चित्रं बरीच जुनी. आणि बातम्यांवर तर अजिबात जाऊ नका, 2021 ला तिथल्या ऑडिटोरियम गुहेत डिकिन्सोनिया या अतिप्राचीन प्राण्याचा जीवाश्म सापडल्याचा गाजावाजा झाला, 2023 मध्ये कळलं की ते मधमाश्यांचं जुनं पोळं होतं 😄