टी-बिलातली ‘सूट’ म्हणजे कसर नव्हे

प्रश्न: नमस्कार ताई, माझं कराडला हार्डवेअरचं दुकान आहे. १० ऑक्टोबर २०२४ ला दुकानाच्या करंट अकाउंटमधून माझ्या सेव्हिंगला पैसे वळवले आणि रिझर्व्ह बँकेच्या रिटेल डायरेक्ट पोर्टलवरून ३६४ दिवसांचं टी-बिल (ट्रेझरी बिल, म्हणजे सरकारला थोड्या मुदतीसाठी दिलेलं कर्ज) घेतलं, दर्शनी किंमत, म्हणजे मुदतीनंतर मिळणारी रक्कम, १,००,००० आणि मला पडलं ९३,८१२ ला. आमच्या दिवाणजींनी दुकानाच्या वहीत गुंतवणूक १,००,००० नावे (डेबिट) टाकली, बँक ९३,८१२ जमा (क्रेडिट) आणि उरलेले ६,१८८ ‘कसर मिळाली’ (म्हणजे खरेदीत सूट मिळाली) म्हणून जमा. मार्च जवळ आलाय, हे बरोबर आहे का?

उत्तर: नाही, आणि यात दोन वेगळ्या चुका आहेत. पहिली म्हणजे हे टी-बिल दुकानाचं नाहीच. पॅन एकच असला तरी हिशेबात दुकान वेगळं आणि तुम्ही वेगळे, त्यामुळे करंटमधून सेव्हिंगला गेलेले पैसे दुकानाच्या दृष्टीने उचल (मालकाने स्वतःसाठी काढलेली रक्कम), बस, तो व्यवहार तिथेच संपला. पुढे त्याचं टी-बिल घेतलंत की घराला रंग दिलात याच्याशी दुकानाच्या वहीचा संबंध नाही.

दुसरी चूक जास्त महत्त्वाची वाटते मला, कारण ती ‘सूट’ या शब्दामुळे होते. सिमेंटवाला डीलर बिलात सूट देतो तेव्हा माल तुम्हाला खरंच स्वस्त पडतो, त्याच दिवशी, विषय मिटला. टी-बिलात सरकारने काही स्वस्त दिलेलं नाही हो, तुमचे ९३,८१२ सरकार ३६४ दिवस वापरणार आणि त्याचं भाडं म्हणून ६,१८८ जास्त देणार, म्हणजे हे सरळ सरळ व्याज आहे, फक्त वेगळं न देता शेवटी एकदम मिळतं. घेतल्या दिवशी यातला एक रुपयाही तुम्ही कमावलेला नसतो, तो दिवसागणिक १७ रुपयांनी तयार होत जातो.

म्हणून तुमच्या स्वतःच्या वहीत टी-बिल ९३,८१२ लाच नावे टाका. ३१ मार्चपर्यंत १७२ दिवस होतात, त्याचे २,९२४ टी-बिल खाती नावे आणि व्याज जमा, की टी-बिल ९६,७३६ ला येऊन उभं राहतं. ९ ऑक्टोबरला लाख रुपये आले की उरलेले ३,२६४ पुढच्या वर्षाचं व्याज. ते पैसे परत दुकानात घातलेत तर तिथे भांडवल जमा करा, विक्रीत नको.

(हे दिवसांवर सरळ वाटणं वर्षाच्या आतल्या बिलाला चालतं. पाच वर्षांचा झिरो कूपन बाँड (मधे व्याज न देता शेवटी एकदम रक्कम देणारा) असेल तर व्याजावर व्याज चढतं, १० टक्क्याने ६२,०९२ ला घेतलेल्या लाखाच्या बाँडवर पहिल्या वर्षी ६,२०९ आणि शेवटच्या वर्षी ९,०९१ येतात, तिथे समान भाग करू नका.)

दिवाणजींना खाडाखोड करायला लावू नका, दुरुस्तीची एकच नोंद पुरते: उचल नावे ९३,८१२, कसर नावे ६,१८८, गुंतवणूक जमा १,००,०००. ३१ मार्चच्या आत टाकून घ्या, नाहीतर दुकानाचा नफा ६,१८८ ने फुगलेला दिसेल.